अभिव्यक्तीची ढाल आणि उपचाराचा धंदा

स्वातंत्र्य हा शब्द कोणाच्या तोंडी आहे हे पाहिल्याखेरीज त्याचा अर्थ लागत नाही, हे समाजवादी कार्यकर्त्याला नव्याने सांगायला नको. मुंबईच्या गिरण्यांतून सात-आठ वर्षांची पोरे राबत होती तेव्हा मालकवर्गही स्वातंत्र्याचीच भाषा बोलत होता. मालकाला मजूर ठेवण्याचे स्वातंत्र्य, बापाला मुलाची मजुरी विकण्याचे स्वातंत्र्य; सरकारने या दोघांच्या मध्ये पडू नये, एवढेच काय ते त्याचे मागणे. १८८१ साली कारखाना कायदा झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांना कारखान्यात मज्जाव केला आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. नऊ तास! पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित केले त्यामागे या कायद्याचे दारिद्र्य हेही एक कारण होते. तरीही एक तत्त्व त्या अपुऱ्या कायद्याला मान्य करावे लागले: करारावर बापाचा अंगठा उठला म्हणजे मुलाची संमती मिळाली, असे होत नाही.

आज तोच प्रश्न वेगळ्या वेषात आपल्यापुढे आला आहे. अठरा वर्षांखालील मुलामुलींचा लैंगिक कल ‘सुधारून’ देण्याचा दावा करणारे जे उपचार, ज्यांना कन्व्हर्जन थेरपी म्हणतात, त्यांच्यावर कायद्याने बंदी असावी काय. आणि असावी म्हटल्यास ती बंदी भाषणस्वातंत्र्यावरील घाला ठरते काय? अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २०१२ साली अशी बंदी घातली, आणि मागोमाग इतर अनेक राज्यांनी. कोलोरॅडो राज्याने २०१९ साली केलेल्या कायद्याला तेथील एका परवानाधारक समुपदेशिकेने आव्हान दिले आणि ७ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे त्यावर युक्तिवाद झाले. तिच्या म्हणण्याचा आशय असा: मी विजेचे झटके देत नाही, औषधे देत नाही, मी केवळ बोलते, तेव्हा माझ्या बोलण्याला बंदी म्हणजे माझ्या विचाराला बंदी. अमेरिकन न्यायालयाचा कौल अमेरिकन घटनेपुरता. आपल्याला कर्तव्य आहे ते या युक्तिवादाशी. कारण तो समुद्र ओलांडून आपल्याकडे पोहोचला आहे आणि, खेदाची गोष्ट अशी की, आपल्यातल्याच काही मंडळींना तो पटू लागला आहे.

ट्रॉम्बे येथे आमच्या अभ्यासवर्गात महाराष्ट्र विधिमंडळाने असा कायदा करावा या मागणीवर चर्चा चालली असता एका तरुण कार्यकर्त्याने उठून विचारले, “सर, आज समुपदेशकाचे तोंड बंद करणारा कायदा उद्या आपले तोंड बंद करणार नाही कशावरून?” प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. विचारणारा चिता कॅम्पातला होता, आणि त्या वस्तीचा जन्मच मुळी आणीबाणीत झालेला आहे. अणुशक्ती केंद्राला जागा हवी म्हणून १७ मे १९७६ रोजी मानखुर्दची जनता कॉलनी पोलीस बंदोबस्तात जमीनदोस्त करण्यात आली आणि हजारो माणसे ट्रॉम्बेच्या दलदलीकाठी आणून टाकण्यात आली. त्या काळात छापण्याआधी मजकूर सेन्सॉरपुढे ठेवावा लागे. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत ‘फ्रीडम फर्स्ट’चे संपादक मिनू मसानी यांनी सेन्सॉरविरुद्ध मागितलेली दाद मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केली होती. (मसानी हे पूर्वाश्रमीचे काँग्रेस समाजवादी, पुढे स्वतंत्र पक्षाचे, त्यांच्या अर्थशास्त्राशी माझे आयुष्यभर भांडण राहिले, पण या खटल्याबद्दल त्यांचे ऋण नाकारणार नाही.) ज्या पक्षाच्या लोकांनी त्या काळात तुरुंग भोगले त्याने बोलण्यावरील प्रत्येक बंदीकडे संशयाने पाहावे, हे योग्यच आहे. माझा आक्षेप संशयाला नाही. तो चुकीच्या जागी खर्च होत आहे, याला आहे.

मसानींच्या मासिकाचा वाचक अंक न आवडल्यास मिटवून बाजूला ठेवू शकत होता. समुपदेशकासमोर बसवलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला उठून जाता येते काय? त्याला तेथे आईबापांनी नेलेले असते, फी त्यांनीच भरलेली असते, काय ‘बरे’ व्हायला हवे हे त्यांनीच सांगितलेले असते. आपले अर्थशास्त्र ज्या बाजाराची स्तुती करते त्यात निदान एवढे गृहीत असते की विकत घेणारा आणि उपभोगणारा एकच आहे आणि माल खराब निघाला तर तो दुसऱ्या दुकानात जाईल. येथे विकत घेणारा एक, सोसणारा दुसरा. माल खराब निघाला तर खरेदीदाराला तो कळतही नाही. उलट मूल गप्प झाले, खोलीत बसून राहू लागले, तर गुण आला असेच त्याला वाटते. केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ साली वैद्यकीय सेवेच्या अर्थकारणावर जो निबंध लिहिला त्याचे सार असे की वैद्यकीय सेवा हा इतर मालासारखा माल नाही. रोग्याला तिची पारख करता येत नाही, म्हणून परवाना, व्यावसायिक नीती, विश्वास यांचा आधार समाजाला उभा करावा लागतो. अ‍ॅरो काही समाजवादी पुढारी नव्हते. पण त्यांचा मुद्दा येथे दुपटीने लागू आहे, कारण येथे अडाणी ठेवलेला ग्राहक नुसता रोगी नाही, तो अल्पवयीनही आहे, आणि मुळात रोगीच नाही.

परवान्याचा अर्थ तरी काय? राज्य म्हणते, हा मनुष्य शिकलेला आहे, याच्या सल्ल्यावर भरवसा ठेवा. त्या शिक्क्यावर फी मिळते. बाजारातल्या चार शहाण्यांच्या बडबडीला कोणी तासाला हजार रुपये मोजत नाही. मग ज्याने शिक्क्याचा भाव घेतला त्याने शिक्क्याची अट नाकारायची कशी? बोलण्याने गुण येतो असे सांगून पैसे घ्यायचे, म्हणजे बोलणे हा उपचार. आणि बोलण्याने अपाय झाला की तेच बोलणे केवळ मत! असा दुहेरी हिशेब वाण्याच्या वहीत सापडला तर आपण त्याला लबाडी म्हणतो. मधुमेही मुलाला इन्सुलिन बंद करायला सांगणारा डॉक्टरही शब्दच उच्चारत असतो. त्याला शासन करताना त्याच्या भाषणस्वातंत्र्याचे काय झाले असे आजवर कोणी विचारलेले नाही.

आपल्या घटनेने हा भेद मुळातच केलेला आहे. भाषणाचे स्वातंत्र्य अनुच्छेद १९ च्या पहिल्या खंडातील (क) मध्ये आहे आणि त्यावरील निर्बंधांची यादी दुसऱ्या खंडात मोजून मापून दिलेली आहे. व्यवसायाचे स्वातंत्र्य त्याच पहिल्या खंडात, पण वेगळ्या कलमात आहे आणि त्यावर सर्वसाधारण जनतेच्या हितासाठी वाजवी निर्बंध घालण्याची, व्यवसायासाठी आवश्यक अर्हता ठरवण्याची मुभा सहाव्या खंडाने राज्याला दिली आहे. मत मांडणे आणि धंदा करणे या दोन गोष्टी घटनाकारांनी एका तागडीत टाकल्या नाहीत.

आणि हा भेद कागदावरच राहिलेला नाही. हार्बर मार्गावरील लोकलने मानखुर्दहून गोवंडी, चेंबूरकडे येताना डब्याच्या भिंतीकडे पाहा. कुठे गुप्तरोगावरील खात्रीचा इलाज, कुठे वशीकरण आणि सौतनपीडा दूर करणारे बाबा. या जाहिराती कायद्याविरुद्ध आहेत हे वाचणाऱ्याला ठाऊक नसते, आणि फाडणारा कोणी येत नाही. औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ सालचा आहे. हमदर्द दवाखान्याने त्याला भाषणस्वातंत्र्याच्याच मुद्द्यावर आव्हान दिले होते. डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला की जाहिरात हे भाषणाचे एक रूप असले तरी तिचे खरे स्वरूप ती कशासाठी केली आहे त्यावरून ठरते. औषध खपवण्यासाठी केलेली जाहिरात हा व्यापाराचा भाग होय. पुढे १९९५ साली टाटा प्रेसच्या खटल्यात न्यायालयाने जाहिरातीलाही अभिव्यक्तीचे संरक्षण दिले हे खरे, पण फसव्या जाहिरातीला त्यातून वगळले. हमदर्द निवाड्याची दुसरी बाजू मात्र आपण कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात ठेवावी. त्याच न्यायालयाने कायद्याचे तत्त्व उचलून धरताना कोणते रोग यादीत घालायचे याचा मोकाट अधिकार सरकारला देणारा भाग, आणि माल जप्त करण्याचा बेलगाम अधिकार देणारे कलम रद्द केले. बंदी हवी, पण ती सरकारी अधिकाऱ्याच्या लहरीवर सोडलेली नको. चिता कॅम्पातल्या त्या तरुणाच्या शंकेला यातच निम्मे उत्तर आहे.

उरलेले उत्तर आपल्या मराठी इतिहासात आहे, आणि त्याचा आपल्याला विसर पडावा याचे मला नवल वाटते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवले. संततिनियमन, गुप्तरोग, स्त्रीपुरुषसंबंध यांवर उघड लिहिणारा हा माणूस सनातन्यांच्या डोळ्यांत सलत होता. १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा जो खटला झाला तो कशासाठी? वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना मासिकातून उत्तरे दिली म्हणून. त्या प्रश्नांत हस्तमैथुनाविषयीचे होते, समलिंगी आकर्षणाविषयीचेही होते. कर्व्यांच्या बाजूने बॅरिस्टर म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्याने लिखाण अश्लील होत नाही, आणि लोकांच्या मनातील विकृत समजुती ज्ञानानेच दूर होतील, अशी त्यांची भूमिका होती. समलिंगी आकर्षणाच्या मुद्द्यावरही हॅवलॉक एलिससारख्या शास्त्रज्ञांचा आधार घ्यायला ते कचरले नाहीत. न्यायाधीशाने ऐकले नाही. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

खटल्यातील पात्रांच्या जागा नीट पाहा. गोंधळलेला वाचक प्रश्न विचारतो आहे, एक निर्भय माणूस त्याला सांगतो आहे की तू रोगी नाहीस, आणि सरकार त्या सांगणाऱ्याला दंड करते आहे. भाषणस्वातंत्र्याची लढाई ही होती. ज्या आंबेडकरांनी ती लढली त्यांच्याच अध्यक्षतेखालील मसुदा समितीने पुढे अनुच्छेद १९ शब्दबद्ध केला. आज त्याच स्वातंत्र्याच्या नावाने, ‘तू रोगी आहेस’ असे सांगून पैसे घेणाऱ्याला अभय मागितले जात आहे. आणि ज्याच्या पुढ्यात हे बोलले जाते त्या मुलाला मात्र तोंड उघडायची सोय नाही. बोलू न दिला जाणारा माणूस त्या खोलीत एकच आहे, आणि तो समुपदेशक नव्हे.

‘नुसते बोलणे’ हा शब्दप्रयोगही आपल्या देशापुरता खोटा आहे. १९८२ साली ‘इंडियन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात वर्तनबदलाच्या उपचारांनी समलिंगी आकर्षण घालवण्याविषयी मुंबईच्या डॉक्टरांचा निबंध प्रसिद्ध झाला होता. ते वैदू नव्हते, त्या काळच्या विद्येचे अधिकारी होते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलिंगी आकर्षण रोगांच्या यादीतून १९७३ सालीच काढले होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली काढले. इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने हा आजार नाही असे २०१८ साली जाहीर केले. विद्या बदलली, धंदा मात्र बदलला नाही. तो मोठ्या इस्पितळांतून निघून आडबाजूच्या खोल्यांत, व्यसनमुक्ती केंद्रांत आणि बाबांच्या दरबारात गेला. मे २०२० मध्ये गोव्यात एका केरळीय विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. घरच्यांनी आपल्याला व्यसनमुक्ती केंद्रांत डांबून औषधे टोचवली, असे तिने मृत्यूपूर्वी प्रसिद्ध केलेल्या चित्रफितीत सांगितले होते. ती सज्ञान होती. सज्ञानाची ही गत, तर अल्पवयीनाची काय असेल?

आजचा कायदा कोठवर पोहोचतो? सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञानांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात एक मोलाचे वाक्य आहे: समाजात रूढ असलेल्या नैतिक, सामाजिक, सांस्कृतिक वा राजकीय मूल्यांशी एखाद्याचे जुळत नाही, म्हणून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. (राजकीय मूल्यांचाही उल्लेख आहे हे वाचून मला हसू आले. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी हा कायदा फार उशिरा आला म्हणायचा.) ७ जून २०२१ रोजी मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी दोन तरुणींच्या अर्जावर आदेश देताना लैंगिक कल बदलण्याच्या वैद्यकीय प्रयत्नांना मनाई केली, आणि तसे करणाऱ्याचा परवाना काढून घेण्यापर्यंत कारवाई व्हावी असे म्हटले. या न्यायमूर्तींनी निकाल देण्याआधी या विषयाची स्वतःला जाण नाही हे उघड मान्य करून मानसशास्त्रज्ञाकडून समजून घेतले होते. त्या न्यायालयाच्या सांगण्यावरून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवले की असे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन होय.

हे सारे स्वागतार्ह आहे, पण त्यात एक मोठे भगदाड आहे. आयोगाचा हुकूम नोंदणीकृत डॉक्टरला लागू. समुपदेशनाची पाटी लावून बसलेल्याला, केंद्रचालकाला, बाबाला तो लागत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायद्याप्रमाणे अल्पवयीनाला दाखल करण्याचा अर्ज त्याच्या पालकाने करायचा असतो. म्हणजे ज्यांच्यापासून त्या मुलाला कधीकधी संरक्षण हवे, त्यांच्याच सहीवर त्याचे सारे भवितव्य. विधिमंडळाने कायदा करायचा तो हे भगदाड बुजवण्यासाठी.

असा कायदा कसा लिहावा याचा धडा महाराष्ट्रानेच घालून दिलेला आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षे झगडले, तो होणार म्हणजे कीर्तन बंद, वारी बंद, पूजा बंद, असा ओरडा त्यांच्याविरुद्ध सतत चालला होता. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा संमत झाला. तो उघडून पाहा. त्यात श्रद्धा वा मत यांचा गुन्हा नाही. अनुसूचीत कृत्ये मोजून दिली आहेत: भूत उतरवण्याच्या निमित्ताने दोरीने वा साखळीने बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे आणि अशीच इतर. प्रदक्षिणा, यात्रा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना कायदा लागू नाही हे त्यातच लिहून ठेवले आहे. त्या कायद्याने किती कीर्तने बंद पडली?

त्याच धर्तीवर येथे लिहावे. मोबदला घेऊन, परवान्याच्या वा संस्थेच्या आधाराने, अठरा वर्षांखालील व्यक्तीचा लैंगिक कल वा लिंगभाव बदलण्याचे पूर्वनिश्चित उद्दिष्ट ठेवून केलेला उपचार, एवढेच कृत्य निषिद्ध. समलिंगी संबंध पाप आहेत असे प्रवचन कोणी करील, तर करो. कोणी तसे पुस्तक लिहील, लेख लिहील, सभेत बोलेल, त्याला आपण या पानावरून उत्तर देऊ. त्याच्यासाठी पोलीस बोलावणार नाही. आपले मूल असे का, या चिंतेने बापाने मुलाशी रात्रभर वाद घातला तर तोही गुन्हा होऊ नये. आणि ज्या मुलाला स्वतःलाच स्वतःचा उलगडा होत नाही त्याच्याशी शांतपणे, उत्तर आधी न ठरवता बोलणाऱ्या समुपदेशकाला तर या कायद्याने संरक्षणच मिळाले पाहिजे. तशी तरतूद स्पष्ट शब्दांत हवी, नाहीतर भीतीपोटी चांगले समुपदेशक अशा मुलांना दारातूनच परत पाठवतील.

यावर एक शहाजोग आक्षेप येतो: सरकार एका मताच्या समुपदेशकाला बोलू देते, दुसऱ्या मताच्याला नाही, हा पक्षपात नव्हे काय? पक्षपातच आहे. क्षयरोगाच्या बाबतीतही सरकार औषध देणाऱ्या डॉक्टरच्या बाजूने आणि अंगारा देणाऱ्याच्या विरुद्ध पक्षपात करते. उपचाराच्या दालनात सर्व मते समान असतात असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्या मुलाच्या अपेंडिक्सची शस्त्रक्रिया मतदानावर सोपवून पाहावी.

मला खरी चिंता वाटते ती तक्रार कोण करणार याची. पालक करणार नाहीत, केंद्र करणार नाही, मुलाला मार्ग ठाऊक नाही. म्हणून कायद्यात तक्रारीची मुदत घटनेच्या तारखेपासून न मोजता मूल सज्ञान झाल्यापासून मोजावी, शाळेतील शिक्षकाला व वस्तीतील कार्यकर्त्याला तक्रार नोंदवता यावी, आणि शिक्षा म्हणून परवाना जप्त करणे, केंद्राला टाळे लावणे, घेतलेली फी नुकसानभरपाईसह मुलाच्या नावे जमा करणे यांवर भर द्यावा, तुरुंग शेवटी. अडचणीतल्या मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक १९९६ साली आमच्या ट्रॉम्बेच्या शेजारी, देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा प्रकल्प म्हणून सुरू झाला. पुढे तो देशभर पसरला आणि आता सरकारी यंत्रणेकडे गेला आहे. या तक्रारी त्या क्रमांकावर घेतल्या जाव्यात आणि दूरध्वनी उचलणाऱ्याला या विषयाचे प्रशिक्षण दिलेले असावे, ही मागणी ठरावात स्वतंत्र कलम म्हणून घालावी असे मी सुचवले आहे. वर्गात प्रश्न विचारणाऱ्या त्या तरुणानेच तिला अनुमोदन दिले. मात्र तक्रारदार मुलाचे नाव पोलिसांकडे जाण्याआधी त्याची संमती घ्यावी, ही दुरुस्ती सुचवून.